बीजाणूच्या भिंतीआड क्रिएटिनेज: एक प्रकरण अभ्यास

मे महिन्यातल्या एका सकाळी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारं रक्तातलं द्रव्य, मोजण्याचं नवं किट आमच्या लॅबमध्ये आलं. थर्माकोलचा डबा उघडला तर आतले जेल पॅक कोमट. पार्सल दोन दिवस वाटेतल्या कुठल्यातरी गोदामात पडून होतं आणि बाहेर पारा त्रेचाळिसाच्या घरात. लेबलवर स्पष्ट छापलेलं: 2 ते 8 अंश सेल्सिअस. जुनं किट संपत आलेलं, बाहेर बाकावर माणसं रिपोर्टसाठी बसलेली.

किटसोबत आलेल्या 2 मिलिग्रॅमच्या स्टँडर्डवर, म्हणजे माहीत मात्रेच्या द्रावणावर, कॅलिब्रेशन केलं, ते लागलं. नॉर्मल कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला तपासणी-नमुना, हद्दीत आला. मग वरच्या पातळीचा कंट्रोल लावला, ज्याचा आकडा 6 च्या आसपास यायला हवा. तो 5 च्याही खाली आला. पुन्हा लावला, तेच. किट बाजूला ठेवलं आणि त्या दिवसाचे नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले.

हा प्रसंग इथे सांगायचं कारण असं, की एन्झाइम (किटमधलं प्रक्रिया घडवणारं प्रथिन) मरतं तेव्हा रिपोर्ट कसा चुकतो ते यात नेमकं दिसतं. किटमध्ये एन्झाइम गरजेपेक्षा जास्तच घातलेलं असतं. त्यातलं काही निकामी झालं तरी कमी क्रिएटिनिन असलेल्या नमुन्यात प्रक्रिया ठरलेल्या मिनिटांत पूर्ण होते, आकडा बरोबर येतो. नमुन्यात क्रिएटिनिन भरपूर असेल तर उरलेल्या एन्झाइमला वेळ पुरत नाही आणि आकडा खाली येतो. म्हणजे ज्याची किडनी धड आहे त्याचा रिपोर्ट बरोबर, आणि ज्याची किडनी बसत चालली आहे त्याचाच रिपोर्ट बरा दिसणार. एका माणसाचं नेफ्रॉलॉजिस्टकडे जाणं त्यामुळे लांबू शकतं. वरचा कंट्रोल रोज न लावणाऱ्या ठिकाणी हे कळणारही नाही.

तेव्हापासून रोगनिदानाची एन्झाइमं टिकवण्याच्या प्रयत्नांकडे माझं लक्ष असतं. त्यांपैकी एक प्रयत्न इथे सविस्तर मांडतो: क्रिएटिनेज हे एन्झाइम यीस्टच्या बीजाणूत कोंडून टिकवण्याचा.

साखळीतला कच्चा दुवा

क्रिएटिनिन मोजण्याची जुनी वाट मॅक्स याफे यांनी 1886 मध्ये नोंदवलेल्या प्रक्रियेवरची. अल्कलीत पिक्रिक आम्ल, त्यात सीरम, आणि नारिंगी-लाल रंग. स्वस्त आहे, रसायन पक्कं आहे, उन्हाळ्याला भीत नाही. म्हणूनच आपल्याकडच्या असंख्य छोट्या लॅब आजही याफेवर चालतात. अडचण अशी, की पिक्रेट फक्त क्रिएटिनिनशीच रंग देत नाही. प्रथिनं, ग्लुकोज, किटोन, काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक्स यांनीही रंग वाढतो. कावीळ झालेल्या रुग्णाचं बिलिरुबिन आकडा उलट खाली ओढतं. साखर बेसुमार वाढून किटोन झालेल्या माणसाचं क्रिएटिनिन याफेने मोजलं तर किडनी आहे त्यापेक्षा वाईट दिसते.

एन्झाइमची वाट यापेक्षा खूप नेमकी आहे. क्रिएटिनिनेज क्रिएटिनिनचं क्रिएटिन करतं. क्रिएटिनेज त्या क्रिएटिनचं सार्कोसिन आणि युरिया करतं. सार्कोसिन ऑक्सिडेज सार्कोसिन फोडून ग्लायसिन, फॉर्मल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देतं. शेवटी पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडच्या जोरावर रंगीत द्रव्य तयार करतं आणि आपण तो रंग मोजतो. क्रिएटिनिनेज आणि क्रिएटिनेज ही नावं वाचताना सारखी वाटतात, नव्या मुलांचा यात हमखास घोळ होतो. पुढचं सगळं दुसऱ्याबद्दल आहे.

रक्तात मुळातच थोडं क्रिएटिन असतं. ते आधी काढून टाकावं लागतं, नाहीतर तेही क्रिएटिनिन म्हणून मोजलं जाईल. म्हणून बहुतेक किटमध्ये दोन बाटल्या असतात. पहिल्या बाटलीतलं क्रिएटिनेज आणि सार्कोसिन ऑक्सिडेज हे आधीचं क्रिएटिन संपवतात, त्यातून निघालेलं पेरॉक्साइड कॅटालेज मारून टाकतं. मग दुसऱ्या बाटलीतलं क्रिएटिनिनेज पडतं आणि खरी मोजणी सुरू होते. क्रिएटिनेजला दोन्ही वेळा काम करावं लागतं.

आणि उष्णतेला हार मानण्यात साखळीत तेच पुढे. सूडोमोनास जिवाणूतून आलेलं हे प्रथिन दोन सारख्या घटकांची जोडी आहे, एकेक घटक साधारण 45,000 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजण्याचं एकक). उष्णतेने जोडी सैल होते, घडी उलगडते, उलगडलेली टोकं एकमेकांत गुंतून गोळा होतात. एकदा गोळा झालं की थंड करून परत येत नाही. त्यातले गंधकयुक्त गट हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतात, तो त्रास वेगळाच.

तुलनेसाठी ग्लुकोज ऑक्सिडेज बघा. अ‍ॅस्परजिलस बुरशीतून मिळणारं, साखरेच्या रेणूंनी मढलेलं दणकट प्रथिन. क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 मध्ये एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली ती याच एन्झाइमवर, आणि आज ग्लुकोमीटरची पट्टी आजोबांच्या टेबलाच्या खणात महिनोन्‌महिने राहते. साखर घरी मोजता येते आणि क्रिएटिनिन येत नाही, यामागे बाजारपेठेचा भाग आहेच. पण एक दणकट एन्झाइम विरुद्ध नाजूक एन्झाइमांची साखळी, हा फरकही तितकाच खरा.

नाजूकपणावर पहिला इलाज म्हणजे प्रथिनच बदलणं. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या रायनर येनिके यांच्या गटाने 1993 मध्ये सूडोमोनास प्युटिडाच्या क्रिएटिनेजमध्ये यादृच्छिक उत्परिवर्तनं घडवून जास्त उष्णता सोसणारे प्रकार मिळवले. दुसरा इलाज म्हणजे बाटलीत ट्रेहॅलोज (एक साखर), ग्लिसरॉल, अल्ब्युमिन घालणं, जे सगळेच करतात. तिसरा इलाज एन्झाइमला घर देण्याचा. सिलिका, अल्जिनेटचे मणी, पॉलिमरच्या जाळ्या हे सगळं त्यातच येतं. या घरांची एक कायमची अडचण असते: एन्झाइम आधी पेशीतून काढायचं, शुद्ध करायचं, मग मण्यांत भरायचं. प्रत्येक पायरीवर थोडं मरतं आणि खर्च चढत जातो. इथेच यीस्ट वेगळं ठरतं, कारण ते एन्झाइमही करतं आणि घरही.

शेंगेतले चार दाणे

यीस्ट म्हटलं की बेकरीतलं ड्राय यीस्ट डोळ्यांपुढे येतं. त्या पाकिटातले दाणे म्हणजे बीजाणू नव्हेत, त्या वाळवलेल्या साध्या पेशी. बीजाणू होण्यासाठी यीस्टवर वेगळाच प्रसंग यावा लागतो. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे बेकरीतल्याच यीस्टची, द्विगुणित (गुणसूत्रांच्या जोड्या असलेली) पेशी घ्या, तिचा नायट्रोजन तोडा, ग्लुकोजही काढून घ्या आणि फक्त अ‍ॅसिटेट द्या. उपासमार ओळखून ती अर्धसूत्री विभाजन करते आणि स्वतःच्या पोटात चार बीजाणू घडवते.

एमएस्सीला असताना मी हे केलं आहे. पोटॅशियम अ‍ॅसिटेटच्या पाण्यात पेशी सोडायच्या, फ्लास्क शेकरवर ठेवायचा आणि रोज एक थेंब स्लाइडवर घेऊन बघायचं. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. मग एखाद्या पेशीत गोल गोल छाया दिसायला लागतात आणि एका सकाळी सगळं क्षेत्रच भुईमुगाच्या शेंगांनी भरल्यासारखं दिसतं: एकेका टरफलात चार टपोरे दाणे. काही शेंगांत तिघे समोर आणि चौथा मागे लपलेला, त्यासाठी फोकसचा स्क्रू हळूच फिरवावा लागतो. प्रयोगशाळांत एसके-1 वंशाचं यीस्ट वापरतात, कारण त्यातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी दिवसभरात बीजाणू करतात. आमच्याकडचा वंश आळशी होता, पाच दिवस घ्यायचा.

टरफल फोडायला जॉन्स्टन आणि मॉर्टिमर यांनी 1959 मध्ये गोगलगाईच्या पोटातला पाचक रस वापरला होता. टरफल विरघळतं, दाणे तसेच राहतात. बीजाणूची भिंत किती वेगळी आहे, ते या एका गोष्टीवरून कळावं.

त्या भिंतीचे चार थर. आतून बाहेर मोजत आलं तर मॅनान, मग ग्लुकान, मग चायटोसान (तिन्ही साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) आणि सगळ्यात बाहेर डायटायरोसिन. साध्या यीस्ट पेशीत ग्लुकान आत आणि मॅनान बाहेर असतं. इथे तो क्रम उलटा आणि वर दोन नवे थर. डायटायरोसिन म्हणजे टायरोसिनचे दोन रेणू एकमेकांना जोडून बनलेलं द्रव्य, अतिनील प्रकाशात ते निळं चमकतं. नायट्रोसेल्युलोजच्या कागदावर वसाहती उमटवून अंधारात अतिनील दिवा लावला की बीजाणू झालेल्या वसाहती निळसर उजळतात, न झालेल्या काळ्याच राहतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कागद दोनदा उलटून बघितला होता.

या भिंतीचा निसर्गातला उपयोगही ठाऊक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात अ‍ॅरन नायमन यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवलं, की फळमाशीने यीस्ट खाल्लं तर बीजाणू तिच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडू शकतात, आणि ते या भिंतीच्या बळावर. पचनाच्या एन्झाइमांना जी भिंत दाद देत नाही ती मागच्या बाजूला ठेवलेल्या प्रथिनालाही वाचवेल, हा विचार तिथून फार दूर नाही.

एक गल्लत मात्र टाळावी. बीजाणू म्हटलं की आपल्या क्षेत्रातल्या लोकांना बॅसिलस जिवाणूचा बीजाणू आठवतो, जो उकळत्या पाण्यालाही पुरून उरतो. यीस्टचा बीजाणू तितका चिवट नाही. साध्या यीस्ट पेशीपेक्षा तो बराच जास्त सोसतो, एवढंच म्हणावं.

वूशीतलं काम

चीनच्या च्यांग्सू प्रांतात ताइहू सरोवराजवळ वूशी शहर आहे. तिथल्या च्यांगनान विद्यापीठात हिदेकी नाकानिशी आणि शियाओ-दोंग गाओ यांचा गट यीस्टच्या बीजाणूंवर काम करतो. नाकानिशी आधी नायमन यांच्याबरोबर यीस्ट बीजाणूंच्याच पेशीविज्ञानावर काम करत होते. म्हणजे भिंत कशी बनते हे ज्यांनी मुळातून अभ्यासलं, त्यांच्याच हातून तिचा उपयोग शोधला गेला.

त्यांच्या युक्तीचा गाभा बीजाणू घडण्याच्या रीतीत आहे. पेशीच्या पोटात नवा बीजाणू तयार होताना प्रत्येक केंद्रकाभोवती दुहेरी पटल गुंडाळलं जातं. या दोन पटलांमधल्या फटीतच पुढे भिंत रचली जाते. एरवी पेशीबाहेर सोडली जाणारी प्रथिनं या काळात त्या फटीत येऊन पडतात. नंतर बाहेरचं पटल नाहीसं होतं आणि त्या जागी चायटोसान व डायटायरोसिन चढतात. गवंडी भिंत बांधत असताना जे फटीत ठेवलं ते आतच चिणलं गेलं! एन्झाइमच्या जनुकापुढे स्रावाचा संकेत, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेरची वाट दाखवणारा तुकडा, जोडायचा आणि उपाशी पेशीतही चालू राहील असा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, द्यायचा. बाकीचं यीस्ट करतं. शुद्धीकरण नाही, मणी भरणं नाही.

2014 मध्ये या गटाने अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे वेगळं एन्झाइम घेऊन हे करून दाखवलं. एन्झाइम भिंतीत राहिलं, काम करत राहिलं आणि बाहेर प्रथिनं खाणारं एन्झाइम सोडलं तरी वाचलं. 2015 मध्ये त्याच विद्यापीठातून दुर्मीळ साखर तयार करण्यासाठी दोन एन्झाइमं बीजाणूंवर बसवल्याचं काम आलं. आणि 2017 मध्ये क्रिएटिनेज. उद्देश उघड होता: किडनीच्या तपासणीत लागणारं एन्झाइम बीजाणूत कोंडलेल्या रूपात तयार करायचं. मोकळ्या क्रिएटिनेजपेक्षा कोंडलेलं क्रिएटिनेज बाहेरच्या ताणांना जास्त तोंड देतं, हे त्यातून पुढे आलं.

इथपर्यंत वाचून माझं पहिलं मत असं झालं होतं, की भिंत भक्कम म्हणून एन्झाइम सुरक्षित, झालं. दुसऱ्यांदा विचार केल्यावर या प्रकरणाचा जीव वेगळ्याच ठिकाणी आहे हे लक्षात आलं.

भक्कम भिंतीचा तोटा

एन्झाइम सुरक्षित ठेवणं सोपं आहे. लोखंडी पेटीत घाला, कायमचं सुरक्षित राहील आणि काहीच मोजणार नाही. क्रिएटिनेजला कामाला लावायचं तर क्रिएटिन आत पोचलं पाहिजे आणि सार्कोसिन बाहेर आलं पाहिजे. म्हणजे प्रश्न आकाराचा. क्रिएटिनचा रेणू 131 डाल्टनचा, क्रिएटिनिन 113, सार्कोसिन 89. प्रथिन तोडणारं प्रोटिनेज के साधारण 29,000 आणि क्रिएटिनेजची जोडी 90,000 च्या आसपास. लहानांना वाट आणि मोठ्यांना अटकाव करणारी चाळणी हवी, आणि तिची भोकं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी हवीत. डायटायरोसिन-चायटोसानचा थर नेमकं हेच करतो. प्रथिनाच्या आकाराचं काही त्यातून सहज जात नाही.

पण लहान रेणूंनाही तो थोडा अडवतोच. मोकळ्या एन्झाइमपाशी क्रिएटिन थेट जातं, कोंडलेल्यापाशी झिरपत जातं. मोजमापात याचा अर्थ असा, की तितक्याच एन्झाइमची क्रिया कमी भासते आणि नमुन्यात क्रिएटिन कमी असताना वेग आणखी पडतो. तपासणीत हे परवडणारं नाही, कारण यंत्र ठरलेल्या मिनिटांत वाचन घेतं.

वूशीच्या गटाने इथे भिंत बिघडवून बघितली, आणि मला या सगळ्यात भावलेली गोष्ट हीच. डिट-1 हे जनुक काढलं तर डायटायरोसिनचा थर बनतच नाही. ओएसडब्ल्यू-2 काढलं तर भिंत बनते, पण तिच्यात बारीकसा दोष राहतो. 2014 च्या कामात हे दुसरे बीजाणू उपयोगाचे ठरले: एन्झाइम आतच राहतं, आणि लहान रेणूंची ये-जा वाढल्याने त्याची क्रिया चढते. पेशीविज्ञानात ज्याला आपण दोष म्हणून नोंदवतो, तो इथे दाराच्या कामी आला. भक्कम भिंत निसर्गाने दिलीच होती. त्या भिंतीला किती आणि कसं दार पाडायचं, ही खरी कारागिरी.

दाराचा दुसरा भाग एन्झाइम कोणत्या खोलीत ठेवायचं हा आहे. भिंतीच्या फटीत ठेवलं तर क्रिएटिनला फक्त भिंत ओलांडावी लागते. पण मग क्रिएटिनेजला पेशीच्या स्रावमार्गातून जावं लागतं आणि जिवाणूच्या या प्रथिनाला तो मार्ग परका आहे. वाटेत त्यावर साखरेच्या माळा चढू शकतात, घडी चुकू शकते. मूळ जिवाणूसारखंच पेशीद्रवात ठेवलं तर घडी बरोबर बसते, शिवाय बीजाणूत साठलेलं ट्रेहॅलोज शेजारीच असतं. हे तेच ट्रेहॅलोज, जे आपण बाटलीत वरून घालतो. मात्र तिथे भिंतीच्या आत आणखी एक पेशीपटल आहे आणि क्रिएटिनसारखा विद्युतभारित रेणू ते आपणहून ओलांडत नाही. गोठवून वितळवणं किंवा सौम्य डिटर्जंट यांनी पटलाला छिद्रं पाडता येतात, भिंत जागेवर राहते. साध्या यीस्ट पेशीत हे केलं तर काही प्रथिनं गळून जाण्याची भीती असते. बीजाणूत बाहेरची चाळणी त्यांना धरून ठेवते.

आमच्या टेबलावर आणायचं तर

आता लॅबवाल्याच्या नजरेने बघू. बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा कण आहे. तो रिअ‍ॅजंटमध्ये घातला की रिअ‍ॅजंट गढूळ. आपलं सगळं मोजमाप रंगावर, आणि गढूळ द्रव प्रकाश विखुरतो. वर हे कण तळाशी बसतात. यंत्राच्या प्रोबने वरचं द्रव उचललं तर त्यात एन्झाइम कमी, तळाचं उचललं तर जास्त. आज आमच्याकडे असलेल्या ऑटोअ‍ॅनालायझरच्या बाटलीत हे बसणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरड्या पट्टीच्या थरात, छोट्या स्तंभात किंवा इलेक्ट्रोडवरच्या लेपात मात्र कण असणं हा गुणच ठरतो. गाळणीवर बसतात, धुता येतात, पुन्हा वापरता येतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती मला फारशी चर्चिली गेलेली दिसत नाही. यीस्टच्या पेशीत स्वतःचं कॅटालेज असतं. क्रिएटिनेज एकट्याला त्याने फरक पडत नाही, कारण ते पेरॉक्साइड करत नाही. पण उद्या कोणी सार्कोसिन ऑक्सिडेजही त्याच बीजाणूत ठेवायचं म्हणेल, तर तयार होणारं पेरॉक्साइड बाहेर येऊन रंग देण्याआधीच आतलं कॅटालेज त्यातलं काही गिळू शकतं. आकडा पुन्हा खाली. उपाय दोन: कॅटालेजची जनुकं काढलेला वंश वापरायचा, किंवा बीजाणू फक्त पहिल्या टप्प्यासाठी वापरायचा. पहिल्या बाटलीचं काम आठवा: आधीचं क्रिएटिन संपवणं आणि पेरॉक्साइड मारणं. तिथे आपण मुद्दाम कॅटालेज घालतो. बीजाणूत ते आयतंच आहे. सीरम आधी बीजाणूंच्या छोट्या गाळणीतून गेलं आणि क्रिएटिनमुक्त होऊन पुढे आलं, तर गढूळपणाचा आणि कॅटालेजचा असे दोन्ही प्रश्न एकदम निकालात निघतील. हा माझा तर्क आहे, कोणी करून बघितला तर मला फार आनंद होईल.

तिसरी अडचण अंकुरण्याची. बीजाणू म्हणजे झोपलेला जीव, ग्लुकोज मिळालं की जागा होतो, आणि प्रत्येक सीरममध्ये ग्लुकोज असतं. दहा मिनिटांच्या तपासणीत तो काही अंकुरत नाही, त्याला तास लागतात. पण पुन्हा पुन्हा वापरायच्या स्तंभात अंकुरला तर भिंत फुटून सगळं बाहेर. शिवाय जनुकं बदललेला जिवंत यीस्ट गावोगावी पाठवणं हे जैवसुरक्षेच्या दृष्टीनेही बरं नाही. आपल्याला बीजाणूची भिंत हवी आहे, जीव नको. एन्झाइमला धक्का न लावता बीजाणू मारण्याची पायरी उत्पादनात घालावीच लागेल, आणि ती पायरी भिंतीची चाळणी बदलत नाही ना हेही बघावं लागेल.

कावीळ असलेल्या सीरमचीही मला काळजी वाटते. चायटोसान धनभारित असतं, ऋणभारित रेणू त्याला चिकटतात. डायटायरोसिन काढलेल्या बीजाणूंवर चायटोसान उघडं पडतं आणि याच गटाने 2014 मध्ये अशा बीजाणूंचा चायटोसानच्या मण्यांसारखा वापर करून दाखवला आहे. बिलिरुबिन ऋणभारित. ते तिथे चिकटून बसलं तर दार बुजेल का? की उलट सीरममधून थोडं बिलिरुबिन कमी होऊन रंगाचं वाचन सुधारेल? कागदावर दोन्ही शक्य आहे, त्यामुळे खरे पिवळे नमुने लावूनच ठरवावं लागेल.

तुलना कशी व्हावी

स्थिरता वाढली असं म्हणताना कोणाच्या तुलनेत, हे फार महत्त्वाचं असतं. नुसत्या बफरमधलं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं) मोकळं क्रिएटिनेज आणि बीजाणूतलं क्रिएटिनेज शेजारी ठेवलं तर बीजाणू जिंकणारच. पण बाजारातल्या किटमधलं क्रिएटिनेज नुसत्या बफरमध्ये नसतं. त्यात ट्रेहॅलोज असतं, क्षार असतात, बऱ्याचदा उत्परिवर्तनाने दणकट केलेलं प्रथिन असतं. माझ्या मते खरा सामना त्याच्याशी व्हावा: तेच सुधारलेलं प्रथिन, एकदा ट्रेहॅलोजमध्ये फ्रीझ-ड्राय केलेलं आणि एकदा बीजाणूत फ्रीझ-ड्राय केलेलं, सुरुवातीला दोघांची क्रिया सारखी करून घेतलेली. आणि शेजारी तिसरी नळी रिकाम्या बीजाणूंची, म्हणजे एन्झाइम नसलेल्या, पण बाकी सगळ्या हाताळणीतून गेलेल्या. तिच्याशिवाय बीजाणूच्या स्वतःच्या रसायनाचा वाटा वेगळा काढता येणार नाही.

तापमानाचंही तसंच. 37 किंवा 45 अंशांवर काही दिवस ठेवून त्यावरून वर्षाचा अंदाज बांधण्याची पद्धत आहे. प्रथिनाच्या बाबतीत ती फसवू शकते, कारण ठरावीक तापमानाच्या पुढे बिघडण्याची तऱ्हाच बदलते. त्याऐवजी आमच्यासारख्या लॅबच्या कपाटात, फ्रीजबाहेर, मार्च ते जून पाकीट पडू द्यावं. दिवसा चाळीस, पहाटे पंचवीस, पावसाच्या आधीची दमट हवा. दर पंधरवड्याला एक पाकीट उघडायचं, नॉर्मल कंट्रोल लावायचा, वरचा कंट्रोल लावायचा, आणि एक मुद्दाम क्रिएटिन घातलेला नमुना लावायचा, म्हणजे पहिला टप्पा अजून साफ करतो आहे का तेही कळेल. क्रियेच्या टक्केवारीपेक्षा मला वरच्या कंट्रोलचा आकडा बघायचा आहे.

यासाठी लागणारी यीस्टची कामं आपल्याकडे अवघड नाहीत. जिथे एमएस्सीची मुलं टेट्रॅड, म्हणजे शेंगेतले ते चार दाणे, बघतात तिथे हे बीजाणू करता येतात. अ‍ॅसिटेट, शेकर, सूक्ष्मदर्शक आणि फ्रीझ-ड्रायर एवढंच सामान. जनुक बसवलेला प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) आणि बिघडवलेल्या भिंतीचा वंश मिळवावा लागेल, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्यावी लागेल. मी माझ्या जुन्या विभागात याबद्दल बोललो आहे. फेब्रुवारीत पाकिटं भरून झाली, तर कपाटातला वरचा खण मी त्यांच्यासाठी रिकामा करून देणार आहे.